नाव झाकावे, माहिती नको

“औषधाच्या चाचणीत भाग घेतला, तर माझे दुखणे चव्हाट्यावर येईल का?” मेढ्यातील एका गृहस्थांनी मला विचारले.

शंका रास्त आहे. पण माहिती दडवल्यानेही नुकसान होते. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला आणि टॅमीफ्लूला मागणी वाढली. त्या औषधाच्या चाचण्यांचे संपूर्ण अहवाल अभ्यासकांना २०१३ मध्ये मिळाले. प्रौढांचा त्रास सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत कमी होतो. रुग्णालयात दाखल होणे टळते, याचा ठोस पुरावा नाही, असे त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केले.

म्हणून रुग्णांची नावे काढून माहिती खुली करावी, असे माझे मत आहे. मात्र लहान गावात वय आणि दुर्मिळ आजार यांवरूनही माणूस ओळखू येतो. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा, “गावाचे नावही काढणार ना?”