निबंधातील नदी आणि सिन्नरची देवनदी

सिन्नर तालुक्यातून देवनदी वाहते. पावसाळा सरला की तिचे पात्र आटू लागते. तिच्यावरील ब्रिटिशकालीन वळणबंधारे व पाट अलीकडच्या काळात लोकसहभागातून दुरुस्त झाले, तेव्हा काही शिवारांत पुन्हा पाणी खेळले. परंतु याच तालुक्यातील विद्यार्थ्यास ‘नदीचे आत्मवृत्त’ लिहावयास सांगितले, तर त्याच्या वहीतील नदी बहुधा हिमशिखरावर उगम पावते, कड्यांवरून उड्या घेते आणि सागराला मिळते. ती देवनदी नसते, मार्गदर्शकातील नदी असते. तरीही तिला चांगले गुण पडतात. विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या मूल्यमापनाचा खरा प्रश्न येथे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा गुण कोणी द्यावेत एवढ्यापुरतीच होते. राज्य मंडळाने दहावीच्या भाषाविषयांचे २० अंतर्गत गुण २०१८-१९ या वर्षी बंद केले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउतारास इतरही कारणे असतील. पण गुण दिल्याने वा काढल्याने विद्यार्थ्यांचे लेखन सुधारले की बिघडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी कराव्यात, अशी अपेक्षा आहे. त्या नोंदींचेही तयार नमुने बाजारात आले. विद्यार्थी निबंध उतरवतो आणि शिक्षक अभिप्राय उतरवतो, अशी ही फिटंफाट आहे.

अर्थशास्त्रात ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. हिणकस आणि अस्सल नाण्यांना कायद्याने एकच मोल दिले, तर हिणकस नाणे अस्सल नाण्यास चलनातून हुसकावून लावते. वर्गातही हेच घडते. घोकलेल्या निबंधास आणि स्वतः पाहून लिहिलेल्या अडखळत्या परिच्छेदास सारखेच गुण मिळणार असतील, किंवा पहिल्यास अधिक मिळणार असतील, तर शहाणा विद्यार्थी घोकणेच पसंत करील. त्यात त्याचा दोष नाही. आता तर संगणकास विषय सांगताच क्षणात निर्दोष निबंध हाती पडतो. केवळ शुद्धलेखन आणि अलंकार यांवर गुण देणारी पद्धत यापुढे कोणाची परीक्षा घेणार?

तेव्हा गुण कशाचे, हे प्रथम ठरले पाहिजे आणि ते विद्यार्थ्यांस आधीच ठाऊक असले पाहिजे. कसोट्या तीन-चार पुरेत. लेखनात स्वतः पाहिलेले वा विचारून घेतलेले काही आहे काय? एका विधानातून दुसरे विधान निघते काय? पहिल्या खर्ड्यानंतर दुसऱ्यात सुधारणा दिसते काय? शुद्धलेखनास स्थान असावेच, पण ते शेवटी. पहिल्या खर्ड्यावर गुण न देता केवळ दोन प्रश्न लिहावेत. गुण दिसला की अभिप्राय वाचलाच जात नाही. सत्राअखेर विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या दोन लेखांसच गुण द्यावेत.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप वेळेचा असेल आणि तो रास्त आहे. साठ वह्या, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे दहा तास होतात. दर आठवड्यास हे अशक्यच. पण आठवड्यास पंधरा वह्या पाळीपाळीने वाचल्या, तर अडीच तास लागतात आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाचे लेखन मन लावून वाचले जाते. साठ वह्यांवर ‘पाहिले’ अशी सही ठोकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. अंतर्गत गुणांची खिरापत वाटली जाते, हा संशय निराधार नाही. त्यावर उपाय म्हणजे लेखन उघड्यावर आणणे. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित या आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या प्रथा आहेत. ज्या लेखास अधिक गुण दिले तो भिंतीवर लागला, की शिक्षकाचीही परीक्षा होते. शिवाय वर्ग आपले वाचणार आहे, हे कळल्यावर विद्यार्थी नक्कल करावयास कचरतो.

सिन्नरमध्ये विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रिया आहेत, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारे कामगार आहेत. त्यांच्या मुलींपैकी एखादीने हजार विड्यांच्या मजुरीचा आणि महिन्याच्या किराण्याचा हिशेब आपल्या बोलीत मांडला, तर तो अर्थशास्त्राचाही उत्तम धडा ठरेल. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका असतील. त्या जरूर दाखवाव्यात. पण त्या चुकांखाली तो हिशेब गाडला गेला, तर पुढल्या वेळी तीही हिमशिखरावरच्या नदीकडेच वळेल, आणि तिचे असे शिक्षण आपणच केलेले असेल.