पडदा निळा का होतो?

महिनाअखेरचा हिशेब अर्धा झालेला असतो, आणि अचानक सगळे नाहीसे होऊन निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात. ‘विंडोज उडाली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या क्षणी विंडोजने स्वतःहून थांबायचे ठरवलेले असते. नेमके काय बिघडले याचा तिला पुरता उलगडा झालेला नसतो. पण आणखी एक पाऊल टाकले तर तुमच्या फायलींना धोका आहे, एवढे तिला नक्की कळलेले असते.

हे समजून घ्यायचे तर प्रोसेसरच्या आत डोकवावे लागते. तिथे काम करण्याचे स्तर असतात. ब्राउझर, वर्ड, टॅली ही मंडळी बाहेरच्या, कमी अधिकारांच्या स्तरात चालतात. त्यांपैकी कोणी घोटाळा केला तर ऑपरेटिंग सिस्टीम तेवढ्यालाच बंद करते आणि बाकीचा कारभार चालू ठेवते. सर्वांत आतल्या स्तरात राहतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याच्याच शेजारी आणि त्याच्याच अधिकाराने वावरतात ड्रायव्हर: ग्राफिक्स कार्डाचे, वाय-फायचे, काही अँटिव्हायरसचेही. या आतल्या स्तरात चूक झाली तर तिला आवर घालायला वर कोणीच नसते. एखाद्या ड्रायव्हरने मेमरीत भलत्याच जागी काही लिहून ठेवले, तर त्यानंतर मेमरीतल्या कोणत्याही गोष्टीवर विश्वास टाकता येत नाही. तसेच पुढे रेटले तर तो बिघाड डिस्कवर उतरू शकतो. म्हणून विंडोज जागच्या जागी थांबते.

थांबण्यापूर्वी ती जे करते ते मला या साऱ्या यंत्रणेतले सर्वांत विलक्षण वाटते. मरता मरता स्वतःचाच पंचनामा लिहून ठेवावा, तशी ती त्या क्षणाची मेमरी डिस्कवर उतरवते. पण डिस्कवर लिहायचे कोणाच्या मदतीने? ज्या फाइल सिस्टीममार्फत एरवी लिहायचे, तीच कदाचित बिघडलेली असते. यावर तोडगा आधीच काढून ठेवलेला आहे. संगणक सुरू होतानाच विंडोज आपल्या पेज फाइलची (रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या राखीव फायलीची) डिस्कवरची नेमकी जागा टिपून ठेवते, आणि संकटकाळी फाइल सिस्टीमला वगळून थेट त्या जागेवर मजकूर लिहिते. लिहिणाऱ्या भागांची बेरीज-पडताळणीही सुरुवातीलाच करून ठेवलेली असते. ऐनवेळी ती जुळली नाही तर विंडोज काहीच लिहीत नाही, कारण चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की हा मजकूर ‘डम्प’ नावाच्या फायलीत जातो आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये पडून राहतो. बहुतेक घरांत तो कोणी उघडून बघत नाही.

निळ्या रंगामागे कोणताही मानसशास्त्रीय अभ्यास नाही. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी ३.१ मधला हा पडदा जॉन व्हर्ट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरने लिहिला. तो ज्या यंत्रावर काम करत होता त्याचा सुरुवातीचा पडदा निळ्यावर पांढरा होता, आणि ज्या एडिटरमध्ये तो कोड लिहायचा तोही तसाच. तिन्ही ठिकाणी एकच रंग राहिला, इतकेच. मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बामर यांनी हा मजकूर लिहिला अशी बातमी २०१४ मध्ये जगभर फिरली, ती अर्धवट होती. बामर यांनी लिहिला होता तो एनटीहून वेगळ्या विंडोज ३.१ मधला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणारा साधा संदेश. हा उलगडा मायक्रोसॉफ्टमधले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी केला. विंडोज ९५ चा निळा पडदा खुद्द चेन यांच्या हातचा. आणि ती तीन बटणांची जोडणी १९८१ च्या आयबीएम पीसीवर डेव्हिड ब्रॅडली यांनी बसवली. आधी त्यात डिलीटच्या जागी एस्केप होते. पण ती तीन बटणे एका हाताने चुकून दाबली जात. दोन हात लागावेत म्हणून डिलीट आले.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक दोष असा होता की संगणक सलग ४९.७ दिवस चालू राहिला तर तो गोठू शकत असे. हा विचित्र आकडा आला कुठून? सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले हे विंडोज ३२ बिटांच्या एका खान्यात मोजत होती. त्या खान्यात ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच मोजदाद मावते, मग तो पुन्हा शून्यावर येतो. इतक्या मिलिसेकंदांचे होतात ४९ दिवस, १७ तास आणि काही मिनिटे. त्या काळी विंडोज सलग इतकी चालणेच दुर्मीळ असल्याने हा दोष बरीच वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही, हे तिच्याविषयी बरेच सांगून जाते! याच जातीची चूक पुढे बोइंग ७८७ विमानातही सापडली. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर त्याची वीजनिर्मिती नियंत्रित करणारी यंत्रणा बंद पडू शकत होती, आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने २०१५ मध्ये तसा आदेशच काढला. रिस्टार्ट केल्याने बरे का वाटते याचे उत्तरही इथेच आहे: भरत आलेले मोजमाप, कोणी परत न केलेली मेमरी, अर्धवट अडकलेला ड्रायव्हर, सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सायबर कॅफेच्या दिवसांत आपल्याकडे एक ईमेल फिरत असे. ‘कॉन’ नावाचे फोल्डर जगात कोणालाच बनवता येत नाही, आणि याचे कारण बिल गेट्सलाही ठाऊक नाही! कारण चांगले ठाऊक होते. १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि ‘कॉन’ हे नाव कीबोर्ड-पडद्यासाठी राखून ठेवलेले होते. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ती राखीव नावे कायम ठेवली गेली. त्या ईमेलवाल्यांना खरी गंमत माहीत नव्हती: विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ‘कॉन’च्या आतले ‘कॉन’ उघडायला सांगितले की निळा पडदा येत असे. २००० साली मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली.

बिघाडाचे मूळ किती दूर असू शकते याचे माझे आवडते उदाहरण रेमंड चेन यांनीच २०२२ मध्ये सांगितले. विंडोज एक्सपीच्या काळात एका संगणक कंपनीच्या लक्षात आले की जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’ या १९८९ च्या गाण्याची चित्रफीत लावली की त्यांचे काही लॅपटॉप बंद पडतात. एवढेच नाही, शेजारी ठेवलेला, ते गाणे न वाजवणारा लॅपटॉपही बंद पडत होता. त्या लॅपटॉपमधल्या, मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची नैसर्गिक कंपनसंख्या गाण्यातल्या एका सुराशी जुळत होती. कंपनीने आवाजातून तेवढा सूर गाळणारी चाळणी बसवली. हे प्रकरण आज संगणक सुरक्षेच्या अधिकृत नोंदींतही क्रमांकासह आहे. त्याच चेन यांनी २००५ मध्ये आणखी एक शोध लिहिला होता. लोकांकडून आलेल्या बिघाडांच्या अहवालांत अशा जागा दिसत होत्या की जिथे बिघाड होणेच अशक्य. त्या ग्राहकांकडे विचारपूस केली तेव्हा कळले की त्यांचे प्रोसेसर ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलेले होते. काहींना तर दुकानदाराने तसाच संगणक विकला होता आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

पण अशी प्रकरणे विरळ. नेहमीचा संशयित ड्रायव्हरच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये नोंदवले आहे की त्या वेळी विंडोज एक्सपीच्या कळवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होते. १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने याचे प्रात्यक्षिक पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या ग्राहकांना २९१ क्रमांकाची एक छोटी फाइल पाठवली. कंपनीचा ड्रायव्हर २० गोष्टी घेऊन आलेला, आणि फाइल त्याला एकविसावी वाचायला सांगत होती. एकविसावी नव्हतीच, ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि पडदे निळे झाले. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक आडवे झाले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती मात्र हास्यास्पद वाटावी इतकी सोपी होती: सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांनिशी विंडोज चालते तिथे) जा, ती एक फाइल पुसा. अडचण अशी की प्रत्येक संगणकापाशी माणसाने जाऊन ते करायचे होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी तर पंधरा-पंधरा वेळा रिस्टार्ट करून बघा असा सल्ला दिला. सुधारित फाइल उतरणे आणि बिघडलेली फाइल वाचली जाणे यांची शर्यत असे, आणि कधीतरी पहिली जिंकत असे.

आता घरच्या संगणकाकडे. निळा पडदा आला (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे) की फोन उचला आणि फोटो काढा. वरच्या दिलगिरीच्या वाक्याला काही अर्थ नसतो. खालचा ‘स्टॉप कोड’ महत्त्वाचा, आणि त्यासोबत एखाद्या फायलीचे नाव असेल तर अधिकच. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही; केबल सैल आहे का, बायॉसमध्ये कोणी हात घातला होता का ते बघा. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे तक्रार हार्डवेअरनेच केली आहे: उष्णता, वीजपुरवठा, प्रोसेसर. दर वेळी तोच कोड आणि तीच फाइल असेल तर ड्रायव्हर. दर वेळी नवा कोड येत असेल तर रॅमवर संशय घ्या आणि विंडोजमधलेच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा. दुकानातली पोरे रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवतात त्याला हसू नये. दमट हवेच्या गावांत त्या संपर्कांवर बसलेला थर खरोखरच निघतो. मात्र आधी वायर भिंतीतून काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा.

पडदा न दाखवता संगणक खटकन बंद पडत असेल तर विंडोजला दोष देण्याआधी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), धुळीने भरलेला पंखा आणि घरातली वीज तपासा. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते आणि लोक तिलाच कारण समजतात. ती फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. घड्याळ मागे जात असेल आणि चांगल्या वेबसाइटी ‘असुरक्षित’ दिसत असतील, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदला.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना उलटी वाटते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, आणि त्याच्यासोबत अडकलेला ड्रायव्हरही जपला जातो. सगळे खरेच नव्याने सुरू करायचे असेल तर ‘रिस्टार्ट’ निवडावे लागते. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केले की दुरुस्तीचा मेनू येतो आणि तिथून सेफ मोड गाठता येतो. सेफ मोडमध्ये संगणक शहाण्यासारखा चालला तर गुन्हेगार नंतर बसवलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम आहे असे धरून चालावे. तो कधी बसवला हे ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ तारीखवार दाखवते. स्टार्ट मेनूत हे नाव शोधले की सापडते, आणि इतकी उपयोगी चीज मायक्रोसॉफ्टने इतकी दडवून का ठेवली हे मला कळलेले नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब झाल्याचा संशय असेल तर ‘सिस्टिम फाइल चेकर’ त्या तपासून बदलतो. पण बदलायच्या चांगल्या प्रती तो संगणकातल्याच एका साठ्यातून घेतो. साठाच नासलेला असेल तर तो हात टेकतो. म्हणून आधी ‘डिझम’ चालवून साठा दुरुस्त करायचा, मग चेकर.

हे सगळे सोडून ‘फॉरमॅट मारून द्या’ हा सल्ला मिळतोच. तो मिळणे स्वाभाविक आहे. दुकानदाराचा वेळ वाचतो. पण दोष रॅममध्ये असेल तर कोरी करकरीत विंडोजही तशीच निळी होते, आणि विंडोजने लिहून ठेवलेला डम्प फॉरमॅटमध्ये आधीच पुसला गेलेला असतो.

आणखी एक काम संगणक चालू आहे तोवरच उरका. अनेक नव्या विंडोज ११ संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागितली जाते. क्राउडस्ट्राइकच्या त्या गोंधळात कित्येक कार्यालयांचे काम याच किल्लीपाशी अडले. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच काढून एका कागदावर उतरवा आणि तो कागद संगणकापासून दूर ठेवा.