गोलांची मोजणी आणि खेळाची शैली

18 मार्च 1950 रोजी स्विंडन येथे स्थानिक संघाचा ब्रिस्टल रोव्हर्सशी सामना चालू होता. ब्रिटिश हवाई दलातील एक अधिकारी चार्ल्स रीप यांनी त्याच्या उत्तरार्धात प्रत्येक चढाई कागदावर नोंदवण्यास प्रारंभ केला. पुढे शेकडो सामन्यांची अशी टिपणे जमली आणि 1968 मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे या नोंदींत आढळले. यावरून रीप यांनी अनुमान काढले की, चेंडू आपसांत खेळवत न बसता तो लांब फटक्याने त्वरेने पुढे धाडावा. इंग्लंडमधील काही प्रशिक्षकांनी हा विचार उचलून धरला आणि त्याचा प्रभाव अनेक वर्षे टिकला.

मात्र याच नोंदींत आणखी एक आकडा होता. एकूण चालींपैकी 90 टक्क्यांहून अधिक चाली मुळात तीन पासांच्या आतच संपत होत्या. याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, 1,000 चालींपैकी 920 आखूड व 80 लांब आहेत आणि एकूण 10 गोलांपैकी 8 आखूड चालींतून झाले. म्हणजे आखूड चालींत 115 प्रयत्नांमागे एक गोल पडला, तर लांब चालींत केवळ 40 प्रयत्नांमागे एक. गोलांची संख्या आखूड चालींच्या बाजूने असली, तरी यशाचे प्रमाण लांब चालींच्या बाजूने आहे.

2005 मध्ये माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी 1990 व 1994 च्या विश्वचषक स्पर्धांतील सामने याच दृष्टीने तपासले. चालींच्या संख्येचा हिशेब धरल्यावर लांब चाली अधिक फलदायी ठरल्या.

तथापि, म्हणून लांब चाल हेच विजयाचे सूत्र, असे मानणेही घाईचे होईल. चेंडू दीर्घकाळ आपल्याकडे राखण्यास कौशल्य लागते. ते बलवान संघाकडे असते आणि बलवान संघ एरवीही अधिक गोल करतो. तेव्हा यश शैलीचे की खेळाडूंच्या कौशल्याचे, हे केवळ अशा बेरजेवरून ठरत नाही. ‘किती गोल झाले?’ या प्रश्नाला ‘किती प्रयत्नांतून आणि कोणाकडून?’ या प्रश्नांची जोड दिली, तरच आकड्यांचा अर्थ लागतो.