बधिर करंगळी आणि सायकलचे हँडल

"डॉक्टर, माझी शुगर तपासा. नाहीतर मेंदूचा फोटो काढायला सांगा. चार दिवस झाले, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर आहे. अर्धांगाची सुरुवात तर नाही ना?"

समोर बसलेले गृहस्थ बेचाळीस वर्षांचे, शाळेत गणित शिकवणारे. व्यसन नाही, वजन बेताचे. सोबत आलेल्या पत्नीने पुढची तक्रार सांगितली, "रात्री ह्यांची मान वळत नाही. कूस बदलायची तर अख्खे अंग वळवतात." त्या औषधांच्या चौकशीला बाहेर गेल्यावर सरांनी आवाज खाली आणून तिसरी तक्रार सांगितली. सायकलवरून उतरल्यावर अवघड जागीही बधिरपणा येतो आणि अर्धा-अर्धा तास जात नाही.

साखर ठीक निघाली. चेहरा, बोलणे, हातापायांची ताकद यांतही दोष नव्हता. तेव्हा मी म्हटले, "सर, उद्या येताना सायकल घेऊन या." दुसऱ्या दिवशी सायकल पाहिली आणि निदान तिथेच झाले.

सरांना गोव्याच्या ट्रायथलॉन स्पर्धेत उतरायचे होते. पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ पूर्ण करायचे, म्हणजे ट्रायथलॉन. पणजीजवळ मिरामारला 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा २०१९ मध्ये प्रथम झाली. तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. त्यासाठी सरांनी एक जुनी ट्रायथलॉनची सायकल विकत घेतली होती.

हे हँडल वेगळे का?

आपल्या नेहमीच्या सायकलला हात धरायला एकच आडवी दांडी असते. ट्रायथलॉनच्या सायकलला तिच्या मध्यावर आणखी दोन दांड्या पुढे काढलेल्या असतात. त्यांना एरोबार म्हणतात. कोपराच्या पुढचा हात दोन छोट्या गाद्यांवर टेकवायचा, दोन्ही पंजे जवळ घेऊन दांड्यांची टोके धरायची आणि पाठ आडवी करायची. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यातच खर्च होते आणि त्या वाऱ्याला अडवते ते मुख्यतः त्याचेच शरीर. ते लहान केले की त्याच कष्टात वेग वाढतो.

या हँडलची कीर्ती झाली ती १९८९ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत. अखेरच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लॉराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटरचे अंतर लेमाँडने एरोबारवर वाकून कापले. फिन्योंच्या सायकलला तसे एरोबार नव्हते. तीन आठवड्यांची ती शर्यत लेमाँडने अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली.

पण यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लेमाँड त्या दिवशी तसा वाकून बसला तो जेमतेम २७ मिनिटे. आमच्या सरांना बसायचे होते तीन तासांहून जास्त. त्यांनी मात्र पुस्तकातले छायाचित्र पाहून हँडल जितके खाली जाईल तितके खाली नेले होते.

शरीरात काय होते?

पहिली गोष्ट करंगळीची. कोपर भिंतीवर आपटले की हातातून वीज गेल्यासारखी झिणझिणी येते, हे सर्वांनी अनुभवले आहे. ती अल्नर नावाची नस. कोपराच्या आतल्या बाजूला ती हाडाला लागून, कातडीच्या अगदी खाली असते. करंगळी आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग यांची संवेदना तिच्याकडे आहे. सरांच्या हँडलवरच्या गाद्या नेमक्या कोपराखाली येत होत्या. शिवाय दांड्या आखूड असल्याने कोपर फार दुमडले जात होते. कोपर दुमडले की नस ताणली जाते, त्यात खालून दाब! साध्या हँडलवर तळहाताचा भार देऊन तासन्‌तास बसणाऱ्यांची हीच नस मनगटापाशी दबते.

दुसरी गोष्ट मानेची. पाठ आडवी असताना रस्ता पाहायचा तर डोके मागे उचलून धरावे लागते. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जी सायकल शर्यत होते, तिच्यात १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके वर राहीना. तेव्हापासून या दुखण्याला 'शर्मरची मान' असेच नाव पडले. इतकी वेळ शेकडो किलोमीटरनंतर येते. पण तिची पहिली पायरी म्हणजे रात्री न वळणारी मान.

तिसरी गोष्ट बोलायला संकोचाची, पण महत्त्वाची. सरळ बसले की भार कुल्ल्यांच्या हाडांवर येतो. पुढे फार वाकले की ओटीपोट पुढे कलते आणि तो भार सीटच्या निमुळत्या टोकावर, म्हणजे नाजूक जागेतल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर येतो. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना टोक नसलेली सीट सहा महिने वापरायला देऊन पाहणी केली गेली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बधिरपणा अजिबात न येणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. म्हणून हा त्रास 'चालायचेच' म्हणून अंगावर काढू नये.

हँडलमध्ये काय बदल करावेत?

सरांना मी गोळ्या फारशा दिल्या नाहीत. दोन आठवडे एरोबार बंद ठेवायला सांगितले आणि मिस्त्रीकडे पाठवले. जाताना कागदावर लिहून दिले ते असे :

१) उंची : गाद्यांखाली स्पेसर घालून त्या वर उचलाव्यात. स्पेसर वाढवले की बोल्टही तितकेच लांब घ्यावेत. जुने आखूड बोल्ट दोन-चार आट्यांवरच धरतात आणि खड्ड्यात दगा देतात.

२) गादीची जागा : कोपराचे हाड गादीवर टेकता कामा नये. त्याच्या थोडे पुढचा, हाताचा मांसल भाग गादीवर यावा.

३) रुंदी : गाद्या फार जवळ असल्या की खांदे आवळले जातात. छाती भरून श्वास घेता येईल इतके अंतर ठेवावे.

४) दांडीची लांबी आणि कल : हात न ताणता टोक मुठीत यावे. दांडी किंचित वर कललेली असली की मनगट आणि खांदे सैल राहतात. लांब दांडी कापून घेतली तर उघड्या टोकाला बूच हवेच. पडल्यावर उघडी नळी पोटात घुसू शकते. कार्बनची दांडी कापताना निघणारी धूळ छातीला वाईट, तेव्हा ते काम जाणकारानेच करावे.

५) बोल्ट : किती आवळायचे तो आकडा बहुधा सुट्या भागावरच छापलेला असतो. मोजून आवळणारा पाना वापरावा. जास्त आवळल्याने कार्बनला चीर जाते.

सर्वांत महत्त्वाचे, एका वेळी एकच बदल, तोही पाच-पाच मिलिमीटरचा. मूळ जागेवर खूण करून ठेवावी आणि तीन-चार फेऱ्या मारून मगच पुढचा बदल करावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला तेच कळत नाही.

आणखी एक इशारा. या दांड्यांच्या टोकाशी ब्रेक नसतात. ते बाजूच्या हँडलवर असतात. हात तिकडे नेईपर्यंत म्हैस आडवी येते किंवा एसटी थांबते. बाजारपेठेत, उतारावर आणि घोळक्यात एरोबार धरू नयेत. मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांपासून सवय करावी आणि दर दहा मिनिटांनी उठून मान, खांदे हलवावेत. घरी हनुवटी आत ओढून पाच सेकंद धरण्याचा व्यायाम रोज दहा वेळा करावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

विश्रांती घेऊनही बधिरपणा दोन आठवड्यांत गेला नाही, मुठीची पकड सैल झाली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट दिसू लागला, मानेतून कळ हातात उतरू लागली किंवा लघवीला त्रास होऊ लागला, तर थांबू नये. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता यांनीही बधिरपणा येतो, त्यासाठी रक्त तपासून घ्यावे. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणे ही मात्र अर्धांगाची लक्षणे आहेत. तेव्हा सायकलचा विचार न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

ज्यांच्याकडे अशी सायकल नाही त्यांनीही कोपराची ही नस लक्षात ठेवावी. टेबलावर कोपर टेकून तासभर मोबाईल कानाला लावणाऱ्यांची करंगळी याच कारणाने झोपते.

सरांचे हँडल तीन सेंटिमीटर वर गेले. करंगळी पाच आठवड्यांत पूर्ण ताळ्यावर आली. स्पर्धा झाल्यावर ते पेढे घेऊन आले. किती वेळ लागला, ते मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले, "डॉक्टर, सायकलवरून उतरलो आणि मान दोन्हीकडे वळवून पाहिली. वळली. मग धावायला लागलो."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे पाठ पाहून हँडल बसवावे.