अर्थ, ईश्वर आणि मरण

ईश्वर नसेल तर जगण्यामरण्याला अर्थ कोणता, असे विचारणारा अर्थ हा कोणीतरी द्यावा लागतो असे गृहीत धरतो. शब्दार्थाविषयी हाच वाद आपल्या शास्त्रांत पूर्वीच झाला आहे. प्राचीन नैयायिकांनी शब्दाची शक्ती ईश्वरेच्छेत पाहिली. मीमांसकांनी शब्दार्थसंबंध नित्य मानला. कुमारिलभट्टाने तर जगत्कर्त्याचेच खंडन केले, आणि तरीही त्याच्या विचारातील कर्तव्याचे बंधन सुटले नाही. अर्थात त्याच्यापाशी वेद होता.

वेदप्रामाण्यही सोडल्यास काय उरते? अज्ञेयवादी गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली होती. १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना मृत्यू आला तेव्हा अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले आढळले, असे सांगतात. ही तरतूद परलोकाची नव्हे. मागे राहणाऱ्यांवर भार पडू नये, एवढ्यासाठीची होती.

'त्यांना देवाज्ञा झाली' या मराठी वाक्यात मरणारा चतुर्थीत जातो व कर्तेपण आज्ञेकडे राहते. 'ते निवर्तले' यात तोच प्रथमेत येतो. आगरकरांविषयी लिहिताना हे दुसरे वाक्यच योजणे उचित होय.