स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा थकवा

रुग्णालयाच्या अहवालात वर्षभराच्या कार्याचा आढावा व जमाखर्च यांसोबत एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती देण्याचा आमचा प्रघात आहे. या वेळी आम्ही जो विषय निवडला आहे, ती शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नाही. स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेसाठी आपल्या भागातील रुग्ण नागपूर, पुणे वा मुंबई येथे जातात. परंतु शस्त्रक्रिया करून ते परततात ते जठारपेठेतील आपल्या घरीच. आणि काही आठवड्यांनी ‘अशक्तपणा फार आला आहे’ ही तक्रार घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर येऊन बसतात. म्हणून हा विषय आमचाही झाला आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एक भगिनी सासूबाईंचा हात धरून आल्या. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते, वजन बरेच उतरले होते, आणि गेले दहा-बारा दिवस पोटात काही ठरत नव्हते. सासूबाईंनी आल्याआल्या सांगितले, “डॉक्टरसाहेब, पोरीच्या अंगात जीवच नाही राहिला बाप्पा. एक बाटली लावून द्या, म्हणजे उभी राहील.” ही मागणी आमच्या परिचयाची आहे. वऱ्हाडात अशक्तपणा म्हणजे सलाईन, हे समीकरण इतके रूढ आहे की, बाटली न लावणारा डॉक्टर कंजूष समजला जातो. त्या दिवशी मात्र बाटली लावण्यापूर्वी ड्यूटीवरील डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले : उलट्या किती दिवसांपासून आहेत, आणि डोळ्यांना कसे दिसते? त्या भगिनी म्हणाल्या, भिंतीवरचे घड्याळ दोन दिसते. या उत्तराचा अर्थ पुढे स्पष्ट करू. त्याआधी हा थकवा मुळात येतो कोठून, ते पाहणे आवश्यक आहे.

आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया केल्या जातात. एकीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून त्याची केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसरीत जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढील भागास जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. २०११ साली नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या, तेव्हा विदर्भातील अनेकांनी तिचे नाव प्रथमच ऐकले असावे. हा सौंदर्योपचार नव्हे. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरविलेल्या निकषांनुसार १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ९६ किलो झाले, अथवा मधुमेहासारखा विकार जोडीला असताना सुमारे ८३ किलो झाले, तरच तिचा विचार होत असे. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली आणली. यापुढे अशा रुग्णांची संख्या वाढणार, हे उघड आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाच्या पोटात दिवसाकाठी पाचशे-सहाशे उष्मांकही जेमतेम जातात. शरीराच्या दृष्टीने ही उपासमारच होय, मग तिचा हेतू कितीही चांगला असो. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणे केली होती. त्या तरुणांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. त्यांची नाडी मंदावली, त्यांना थंडी वाजू लागली, जिना चढणे नकोसे झाले, आवडीच्या कामांतही मन लागेनासे झाले. त्यांना कोणताही रोग झाला नव्हता. मिळकत घटली की घरचा कर्ता जसा खर्च आवरतो, तसा त्यांच्या शरीराने खर्च आवरला होता. स्थूल व्यक्तीच्या अंगी चरबीचा साठा असल्याने तिची स्थिती त्यांच्याइतकी बिकट नसते. तथापि पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतील थकवा बव्हंशी याच जातीचा असतो. तो क्रमाक्रमाने कमी होतो. अशा वेळी ‘ऑपरेशन फसले’ अशी धास्ती घेण्याचे कारण नाही, आणि ‘आळस करते’ असा टोमणा मारण्याचे तर मुळीच नाही.

मात्र सर्वच थकवा असा निरुपद्रवी नसतो. आमच्या अनुभवात सर्वांत अधिक आढळणारे कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे पाणी कमी पडणे. जठर लहान झाल्याने एका दमात पेलाभर पाणी पिता येत नाही, जेवणासोबत व जेवणानंतर अर्धा तास पाणी वर्ज्य असते, आणि त्यात अकोल्याचा मे महिना, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जाणे आवश्यक आहे. बाटली सतत जवळ ठेवून दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घेणे हाच त्यावर उपाय आहे. पातळ ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी चालते. उसाचा रस व साखरेचे पन्हे चालत नाही. लघवी गडद पिवळी होणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे या खुणा ओळखाव्यात. रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या, तशाच चालू राहिल्या असतील तर ही अंधारी अधिक येते. वजनाबरोबर रक्तदाब व रक्तातील साखरही उतरते, हे लक्षात घेऊन त्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. मधुमेहाची पूर्वीची गोळी अथवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत घेत राहिल्याने घाम फुटून कोसळलेला रुग्ण आम्ही पाहिला आहे. घरच्यांनी त्यालाही अशक्तपणाच म्हटले होते.

दुसरे कारण प्रथिनांचे. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू गेले की ताकद गेली. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगितले जाते. आपला जिल्हा तुरीचा. वरण-भाताने शरीरास बळ मिळते ही आपली पिढीजात श्रद्धा. परंतु वाटीभर पातळ वरणात प्रथिने जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात, आणि अशा रुग्णाच्या पोटात तेवढ्या वरणानंतर दुसऱ्या कशालाही जागा उरत नाही. म्हणून वरण घट्ट असावे, व त्याआधी पनीर, दही, अंडे यांपैकी काही खावे. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. वऱ्हाडात सोयाबीन भरपूर पिकते, पण ते खाण्याकडे आपला कल कमी. सोयाच्या सुक्या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. त्या भिजवून, वाटून पिठल्यात घातल्यास मऊ आहार घेणाऱ्यासही चालतात. डॉक्टरांनी प्रथिनांची भुकटी सांगितली असल्यास तिला ‘पहिलवानांची पावडर’ म्हणून बाजूला सारू नये. उपवासांबाबत आमचे मत स्पष्ट आहे : पहिले वर्षभर एकादशी, चतुर्थी सोडाव्यात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी आग्रहाने वाढणाऱ्यांनीही हात आखडता घ्यावा. गोड पदार्थ आतड्यात झपाट्याने उतरला की छाती धडधडते, घाम सुटतो, आणि तास-दोन तासांनी साखर एकदम उतरून गळून गेल्यासारखे होते.

तिसरे कारण उशिरा, म्हणजे काही महिन्यांनी वा वर्षांनी डोके वर काढते, म्हणून अधिक फसवे. लोह शोषले जाण्यास जठरातील आम्लाची, आणि ब-१२ या जीवनसत्त्वासाठी जठरात तयार होणाऱ्या एका घटकाची गरज असते. शस्त्रक्रियेने दोन्ही घटतात. देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्यातून घर शाकाहारी असेल तर ब-१२ आधीच काठावर असते. म्हणजे घागर अर्धी असतानाच तिला छिद्र पडते. वजन उतरले, मधुमेह आटोक्यात आला, आता गोळ्या कशाला, असे म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो आणि दोन वर्षांनी दम लागतो म्हणून येतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यावयाच्या असतात. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, तसेच ती व कॅल्शियमची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

आता त्या दोन दिसणाऱ्या घड्याळाकडे वळू. ब-१ या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. सतत उलट्या होत असतील तर तो संपतो. मेंदूला साखर वापरण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. साठा रिता असताना शिरेतून ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले ब-१ही त्यात खर्ची पडते, आणि मेंदूस इजा होते. एक वस्तू दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, या तिच्या खुणा. १८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यांनी या विकाराचे वर्णन केले. वेळीच इंजेक्शन मिळाल्यास रुग्ण सावरतो. उशीर झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणजे ज्या बाटलीची मागणी सासूबाई मायेपोटी करीत होत्या, तीच ब-१ दिल्यावाचून लावली असती, तर घातक ठरण्याचा संभव होता. त्या भगिनींना प्रथम ब-१ चे इंजेक्शन दिले, नंतर सलाईन लावले, आणि त्याच दिवशी त्यांच्या शल्यचिकित्सकांशी दूरध्वनीवर बोलून त्यांना दाखल करून घेतले. उलट्या थांबत नसतील तर जठराची नळी कोठे अरुंद झाली आहे काय, हेही पाहावे लागते. चार दिवसांत घड्याळ पुन्हा एक झाले.

यासाठी आमची नातेवाइकांना विनंती आहे की, अशा रुग्णास कोणत्याही दवाखान्यात नेताना शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा, आणि तो जवळ नसेल तर सलाईन लावण्यापूर्वी ‘जठराचे ऑपरेशन झाले आहे’ एवढे तरी तोंडाने सांगावे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया अनेक कुटुंबांत लपविली जाते. लोक काय म्हणतील, हा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु डॉक्टरांपासून तो ठेवू नये.

साध्या थकव्याला औषध नाही, नियोजन आहे. घरी आल्यावर पडून राहू नये. दहा-दहा मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा सावलीत चालावे, सुरुवात गल्लीच्या टोकापर्यंत, मग चौकापर्यंत. अवघड काम सकाळी करावे, दुपारी अर्धा तास आडवे व्हावे. पहिले चार ते सहा आठवडे पाच किलोंहून अधिक ओझे उचलू नये. नळ येण्याच्या दिवशी भरलेली बादली याहून कितीतरी जड असते, हे घरातील पुरुषांनी ध्यानात घ्यावे. दोन महिन्यांनंतर हलके वजन उचलण्याचा व्यायाम स्नायू टिकविण्यासाठी हितकर ठरतो. घोरण्याच्या विकारासाठी रात्री यंत्र लावणाऱ्यांनी ते स्वतःहून बंद करू नये. अपुरी झोप हेही थकव्याचेच एक मूळ आहे. आणि मन उदास राहून थकवा येत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे.

रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात, त्यापुढे दरवर्षी करावयाची असते. त्यात हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा, ब-१२ व ड जीवनसत्त्व पाहिले जाते. या भगिनी सहाव्या महिन्याच्या तपासणीस आल्या तेव्हा स्वतः चालत आल्या होत्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी घरची मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडीत चालतात. पुढल्या वर्षी आपणही जावे काय, असे त्यांनी विचारले. लोहाचा साठा अद्याप कमी होता. तो भरून आल्यावर सांगू, असे आम्ही त्यांना कळविले आहे.