हँग होणारा पीसी आणि नऊ दिवसांचा धीर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चढवून घेण्याच्या घाईला जोर आला. त्यानंतर ‘पीसी अधूनमधून हँग होतो’ म्हणून कुणी दुकान गाठलं, की उपाय ठरलेले असतात: रॅम काढून खोडरबरनं पुसायची, फॉरमॅट मारायचा, जमलं तर एसएसडी टाकायची. हे सगळं एका दुपारी उरकतं, यंत्र दिवसभर चालवून पाहिलं जातं, ते नीट चालतं आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा गोठतं. यातला एकही उपाय खोटा नाही. खोडरबरनं रॅमच्या पायांवरचा थर खरोखर निघतो आणि कधीकधी तेवढ्यानंच भागतं. चूक होते ती सगळं एकदम बदलण्यात आणि लगेच निकाल देण्यात.

कायमचा बिघाड शोधणं त्या मानानं सोपं. अधूनमधून होणारा बिघाड दिवसभर दिसला नाही, तर तो गेला असं मात्र म्हणता येत नाही. समजा, एखादा पीसी सरासरी तीन दिवसांतून एकदा गोठतो आणि त्याला ठरावीक वेळ नाही. त्याला हातही न लावता नुसतं एक दिवस चालू ठेवलं, तरी तो न गोठण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के असते. म्हणजे काहीच दुरुस्त न करणारा माणूसही चारांपैकी जवळजवळ तीनदा ‘झालं काम’ म्हणू शकतो. बिघाड तसाच असूनही केवळ योगायोगानं नऊ दिवस न गोठता जाण्याची शक्यता मात्र पाच टक्क्यांवर येते. सरासरी अंतराच्या तिप्पट थांबा, एवढंच हे गणित. टँडम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, संगणक का थांबतात यावरच्या निबंधात, शोधायला गेलं की दडून बसणाऱ्या अशा दोषांना ‘हायझेनबग’ म्हटलं होतं. त्यांच्यासमोर सॉफ्टवेअरचे दोष होते, पण हार्डवेअरही तसंच छळतं.

एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे एएमडीच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून अनेकांनी एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या यंत्रांवर बायोसमध्ये जाऊन फर्मवेअर टीपीएम चालू केलं. मार्च २०२२ मध्ये एएमडीनंच मान्य केलं, की हे टीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी लांबलचक देवाणघेवाण करतं आणि तेवढा वेळ काही यंत्रं अडखळतात. त्यावर इलाज होता बायोस अद्ययावत करण्याचा. नवी विंडोज आणि टीपीएम एकाच दिवशी आलेल्या घरात संशय विंडोजवर जाणार, फॉरमॅट होणार आणि अडखळणं तसंच राहणार. दोष हार्ड डिस्कच्या खराब सेक्टरमध्ये असेल, तर फॉरमॅट आणखी घातक. क्विक फॉरमॅट त्या सेक्टरांची तपासणीच करत नाही, आणि बॅकअप नसेल तर फोटो आणि हिशेब मात्र हातचे जातात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींत कारण लिहिलेलंच असतं, असं काही जण म्हणतील. तिथली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून पॉवर सप्लाय बदलायला लावणारे भेटतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. गोठलेल्या पीसीचं बटण दाबून धरलं तरी ती उमटणारच. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: नऊ दिवस थांबायला वेळ कुणाला? पण बॅकअप घेतलेला असेल, तर या नऊ दिवसांत पीसी बंद ठेवावा लागत नाही, त्यावर रोजचं काम चालूच राहतं. शिवाय निरीक्षण नेमकं असेल तर शोध आखूडही होतो. माउस फिरतो पण काहीच उघडत नाही आणि डिस्कचा दिवा अखंड जळतो, तर आधी डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल पाहावा. सगळंच थिजलं आणि आवाज एकाच सुरावर अडकला, तर रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावावी, मग ग्राफिक्स ड्रायव्हर आणि पॉवर सप्लायकडे वळावं. दुकानात जाताना कागदावर तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं आणि कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागत होता का, एवढं लिहून न्यावं. तो दिवा प्रतिसाद देत असेल, तर विंडोजचा गाभा बहुधा अजून जिवंत आहे आणि निम्मे संशयित तिथेच मागे पडतात.